पाठीत मशीन बसवलं की कंबरदुखी कायमची जाते? रीलमधल्या '१० पैकी ७' या आकड्याची गोष्ट

मोरगावहून मामांनी व्हॉट्सॲपवर एक रील पाठवला. निळा मणका, त्यात चमकणारी तार आणि मागे ठसठशीत आवाज : "कंबरदुखी कायमची बंद! १० पैकी ७ रुग्णांना पाच वर्षांनंतरही आराम!" खाली मामांचा मेसेज होता. "पत्रकार ना तू? खरं का खोटं बघून सांग. गुरुवारच्या आत."

गुरुवारच्या आत, कारण गुरुवारी त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे जायचं होतं.

मामांनी वीसेक वर्षं मोरगावच्या आसपासच्या वाड्यांवरून मोटारसायकलला दुधाच्या किटल्या बांधून डेअरीला नेल्या. चार वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली, शीर दबली, ऑपरेशन झालं. सहा-आठ महिने बरे गेले. मग कंबर पुन्हा धरायला लागली आणि डाव्या पायात मांडीपासून घोट्यापर्यंत आग सुरू झाली. गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं, बेल्ट झाला. आता एका रुग्णालयात 'स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर' सुचवलाय. अंदाजे खर्च साडेआठ लाख. मामी फोनवर एवढंच म्हणाली, "दोन म्हशी आणि रस्त्याकडंचा तुकडा. दुसरं विकण्यासारखं आहे काय आपल्याकडं?"

म्हणून मी तो '१० पैकी ७' आकडा कुठून आला ते शोधायला बसले. आकडा खोटा नाही. पण तो मामांसाठी सुचवलेल्या मशीनचा नाहीच. मशीन वेगळं, रुग्ण वेगळे, दुखणंही वेगळं.

आधी हे मशीन काय करतं ते बघू

कोपर दाराला आपटलं की आपण पहिल्यांदा काय करतो? चोळतो. चोळल्यावर जरा बरं वाटतं. असं का होतं, याची एक मांडणी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात केली. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे, दाबाचे संदेश जोरात आले की ते फाटक थोडं लोटलं जातं आणि मेंदूपर्यंत वेदना कमी पोचते. या सिद्धांतातले बारकावे पुढे बदलले, पण त्यातून एक कल्पना निघाली : बाहेरून चोळण्याऐवजी आत विजेचा हलका प्रवाह सोडला तर? १९६७ मध्ये अमेरिकेतले न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनांनी हैराण झालेल्या एका रुग्णावर तो प्रयोग केला. आजच्या सगळ्या स्टिम्युलेटरांची सुरुवात तिथली.

स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक तारा सरकवतात. त्या कातडीखालून नेऊन ढुंगणाच्या वरच्या भागात किंवा पोटाजवळ पुरलेल्या बॅटरीला जोडतात. बॅटरी काडेपेटीहून थोडी मोठी. जुन्या प्रकारात दुखण्याच्या जागी सतत झिणझिण्या जाणवतात. नव्या प्रकारांत, म्हणजे खूप जास्त वारंवारतेच्या किंवा झटक्याझटक्याने येणाऱ्या 'बर्स्ट' प्रवाहात, सहसा काहीच जाणवत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. हे मशीन गादी जागेवर आणत नाही, दबलेली शीर मोकळी करत नाही आणि मणक्यातला तो सुप्रसिद्ध 'गॅप'ही भरत नाही. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोचावा, एवढंच त्याचं काम.

मग '१० पैकी ७' कोणाचे?

हा आकडा 'रीॲक्टिव्ह-८' नावाच्या दुसऱ्याच यंत्राचा आहे. मेनस्टे मेडिकल ही कंपनी ते बनवते. यातल्या तारा मज्जारज्जूजवळ जात नाहीत. मणक्याला चिकटून मल्टिफिडस नावाचे खोलवरचे छोटे स्नायू असतात, जे मणके जागेवर धरून ठेवतात. कंबरदुखी जुनी झाली की काही जणांत हे स्नायू नीट काम करेनासे होतात. तर त्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसेला हे यंत्र चालना देतं. रुग्णाने दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास आडवं पडून ते चालू करायचं, स्नायू आपोआप आकसतो-सैलावतो. थोडक्यात, आतून करवून घेतलेला व्यायाम.

त्याच्या मुख्य चाचणीत २०४ जण होते. सरासरी वय ४७, कंबरदुखी सरासरी १४ वर्षं जुनी. आणि महत्त्वाचं म्हणजे हे लोक मणक्याचं ऑपरेशन न झालेले आणि ऑपरेशनची गरजही नसलेले होते. मामा या गटात बसतच नाहीत.

पाच वर्षांनंतरचे निकाल २०२४ मध्ये आले. ७१.८ टक्के लोकांची कंबरदुखी निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती. झाले की १० पैकी ७! पण हे ७१.८ टक्के कितींपैकी? पाच वर्षांनी तपासणीला उरले होते १२६ जण. सुरुवातीच्या २०४ पैकी ७८ जण हिशेबात नाहीत. कुणी यंत्र काढून टाकलं, कुणी चाचणी सोडली, कुणी परत आलंच नाही. १२६ चे ७१.८ टक्के म्हणजे साधारण ९० माणसं. गळालेल्या एकालाही फायदा झाला नाही असं अगदी वाईटात वाईट धरलं, तर २०४ पैकी ९०, म्हणजे ४४ टक्के. खरा आकडा ४४ आणि ७२ च्या मध्ये कुठेतरी असणार, कारण गळालेले सगळेच काही नाराज नसतात. रीलमध्ये मात्र दोनांतला वरचाच टोकाचा आकडा येतो. ४४ टक्क्यांवर कोण रील बनवणार?

याच चाचणीची सुरुवात तर आणखी बोलकी आहे. २०४ जणांच्या पाठीत यंत्र बसवलं, पण निम्म्यांनाच खरा प्रवाह दिला. उरलेल्यांना नाममात्र, उपयोग होणार नाही इतपत. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. १२० दिवसांनी, गोळ्या न वाढवता ज्यांचं दुखणं किमान ३० टक्के कमी झालं असे किती, ते मोजलं. खऱ्या प्रवाहाच्या गटात ५७.१ टक्के निघाले. नाममात्र प्रवाहाच्या गटात ४६.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

म्हणजे यंत्र जवळजवळ बंद असतानाही जवळपास निम्म्यांना बरं वाटलं! त्यानंतर दुसऱ्या गटालाही खरा प्रवाह सुरू केला, त्यामुळे पुढच्या पाच वर्षांत तुलना करायला कोणी उरलंच नाही.

यंत्राच्या बाजूनेही बोलायला हवं. नुसत्या समजुतीने वाटलेला आराम सहसा दिवसांगणिक ओसरतो. इथे तो टिकला, पहिल्या वर्षी ६४ टक्क्यांवर होता तो पुढे वाढला. स्नायू हळूहळू बळकट होत असेल तर असंच दिसावं, हा कंपनीचा आणि संशोधकांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. नंतर २०३ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांशी तुलना केली. वर्षभराने रोजच्या कामातली अडचण १०० गुणांच्या मापावर यंत्रवाल्यांची सुमारे २० ने उतरली, दुसऱ्या गटाची जेमतेम ३ ने. पण कोणाला यंत्र मिळालं आणि कोणाला नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वर आपण पाहिलंच की ते ठाऊक असण्याची ताकद केवढी असते. शिवाय खर्च कंपनीचा.

ज्यांना बरं वाटलं ते काय खोटं बोलतात?

नाही. हा प्रश्न मामींनी विचारला आणि तो बरोबर आहे. त्यांच्या ओळखीत एकाला असंच काहीसं बसवून 'लई फरक' पडलाय.

कंबरदुखी भरती-ओहोटीसारखी असते. माणूस मोठा उपचार घ्यायला तयार कधी होतो? दुखणं अगदी शिगेला पोचतं तेव्हा. शिगेनंतर ते काहीही न करता थोडं उतरतंच. नेमकं त्याच काळात मशीन बसलेलं असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. वर मोठं ऑपरेशन, मोठा खर्च, काळजी घेणारे डॉक्टर, पुन्हा चालायला लागल्याचा आत्मविश्वास. यातून मिळणारा आराम खराच असतो, मेंदूतून येणारी वेदना खरोखर कमी होते. प्रश्न एवढाच, की तो आराम साडेआठ लाखांच्या तारेमुळे आला की तारेभोवतीच्या बाकी सगळ्यामुळे. आणि ते कळायचा एकच रस्ता आहे : काहींचं मशीन गुपचूप बंद ठेवून बघणं.

मामांच्या मशीनवर असं बघितलंय का?

बघितलंय. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी. मणक्याचं ऑपरेशन होऊनही दुखणं राहिलेले, म्हणजे नेमके मामांसारखे ५० रुग्ण घेतले. आधी तात्पुरती तार लावून ज्यांना फरक पडला त्यांनाच कायमचं यंत्र बसवलं. मग तीन-तीन महिन्यांचे टप्पे केले : काही टप्प्यांत 'बर्स्ट' प्रवाह चालू, काहींत बंद. प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला दोन्ही आले, पण कधी काय चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं. निकाल ऑक्टोबर २०२२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. कामातली अडचण चालू असताना १०.६ गुणांनी कमी झाली, बंद असताना ९.३ गुणांनी. दोन्हींत धरण्यासारखा फरक नाही.

त्यावर टीका झाली. रुग्ण कमी, प्रवाहाची सेटिंग नेहमीच्या वापरातली नाही, असे आक्षेप आले आणि त्यांत तथ्य आहे. पण २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरच्या स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरचे १३ अभ्यास, ६९९ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा सहा महिन्यांपर्यंत मशीन चालू आणि बंद यांची तुलना करणारा हा एकच अभ्यास त्यांना सापडला. वर्षभर किंवा त्याहून पुढे अशी तुलना? एकही नाही. म्हणजे या मशीनने बंद मशीनपेक्षा जास्त आराम वर्षानुवर्षं मिळतो, असं दाखवणारा पुरावाच तेव्हा नव्हता.

मग 'दोन वर्षांनी तीन चतुर्थांश रुग्णांना आराम' असं जे छापून येतं ते? तो बहुतेक १० किलोहर्ट्झ प्रवाहाच्या चाचणीचा आकडा असतो. १९८ रुग्ण, दोन वर्षांनी नव्या प्रकारात ७६.५ टक्क्यांची कंबरदुखी निम्म्याने कमी, जुन्या झिणझिण्यांच्या प्रकारात ४९.३ टक्क्यांची. चाचणी व्यवस्थित होती, पण ती एका मशीनची दुसऱ्या मशीनशी स्पर्धा होती. मशीन विरुद्ध बंद मशीन अशी नव्हे.

आता मामांच्या बाजूने जाणारा एक पुरावा, तो लपवला तर मीही रीलवाल्यांसारखीच ठरेन. २००७ साली 'प्रोसेस' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतरही दुखणं उरलेले १०० रुग्ण, आणि त्यांचं दुखणं कंबरेपेक्षा पायात जास्त होतं. सहा महिन्यांनी स्टिम्युलेटरच्या गटात ४८ टक्क्यांची पायदुखी निम्म्याहून कमी झाली, नेहमीच्या उपचारांत फक्त ९ टक्क्यांची. इथेही रुग्णांना सगळं माहीत होतं, पण फरक एवढा मोठा की नुसता झटकून टाकता येत नाही. जगभरातले अनेक तज्ज्ञ आजही म्हणतात, की हे मशीन कुणाला द्यायचंच झालं तर पायात आग होणाऱ्या, नसेच्या दुखण्याच्या रुग्णाला द्यावं. नुसती कंबर धरते त्याला नव्हे.

मी मामांना फोन करून विचारलं, जास्त काय दुखतं, कंबर की पाय? ते म्हणाले, "आजवर कुणी विचारलंच नाही. पाय गं. पायच."

शरीरात मशीन ठेवलं की त्याचाही संसार सांभाळावा लागतो

रीलमध्ये हे कधीच नसतं. 'प्रोसेस' चाचणीत वर्षभरात मशीन बसवलेल्या ८४ पैकी २७ जणांना यंत्राशी संबंधित काही ना काही त्रास झाला. तार सरकणं, जखमेत जंतुसंसर्ग, बॅटरीच्या जागी दुखणं. अमेरिकेत विम्याच्या नोंदी तपासून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात स्टिम्युलेटर बसवलेल्या १,२६० जणांपैकी १७.९ टक्क्यांना दोन वर्षांत गुंतागुंत झाली आणि २२.१ टक्क्यांचं यंत्र काढावं किंवा पुन्हा ऑपरेशन करून दुरुस्त करावं लागलं. त्या रुग्णांच्या वेदनाशामक गोळ्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या दोन वर्षांत इतरांपेक्षा कमी झाल्याचंही दिसलं नाही. २०१८ च्या 'इम्प्लांट फाइल्स' या जागतिक शोधपत्रकारितेतही हे मशीन ठळकपणे आलं होतं : २००८ पासून अमेरिकेच्या एफडीएकडे त्याबद्दलच्या ८० हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या होत्या.

मोरगावच्या माणसासाठी काही गोष्टी आणखी वेगळ्या. प्रवाहाची सेटिंग वारंवार जुळवून घ्यावी लागते, आणि दर वेळी पुणं म्हणजे ६५ किलोमीटर एका बाजूने. चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांत संपते, मग पुन्हा छोटं ऑपरेशन आणि पुन्हा खर्च. एमआरआय करण्याआधी यंत्र त्याला चालतं का ते बघावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडे कंबर धरली की माणूस जवळच्या दवाखान्यात 'मशीनचा शेक' घ्यायला जातो. त्यातला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक पाठीत स्टिम्युलेटर असलेल्या माणसाला अजिबात द्यायचा नसतो. तारांची टोकं तापून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. यंत्राचं कार्ड खिशात असलं पाहिजे ते याचसाठी. त्यावरचा क्रमांकही जपून ठेवायचा. सदोष कृत्रिम खुबे २०१० मध्ये परत मागवले गेले, तेव्हा आपल्याला नेमका कोणता खुबा बसवलाय हे सिद्ध करताना भारतातल्या रुग्णांचे काय हाल झाले ते आठवा.

मग आधी काय करायचं?

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणं आणि मनावरच्या ताणाचा विचार यांवर भर आहे. कमरेचा पट्टा, वजनं लावून ताण देणं आणि अफूजन्य गोळ्या नेहमीसाठी नकोत असं त्यात स्पष्ट म्हटलंय. (मामांचा पट्टा चार वर्षं जुना आहे. मी काही बोलले नाही.) बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी याबाबत दुसरं मत घ्यायला प्रत्येक वेळी पुण्याला जायची गरज नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुम्हाला सुचवलेला उपचार तिच्या यादीत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला म्हशी विकायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडायला लागलं, तर मात्र व्यायाम नाही, रील नाही आणि हा लेखही नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

गुरुवारी मीही सोबत गेले. मामांनी डेअरीच्या बिलाच्या पाठीमागे प्रश्न लिहून आणले होते. पाय जास्त दुखतो, तर हे मशीन पायासाठी की कंबरेसाठी? कायमचं बसवायच्या आधी तात्पुरती तार लावून बघता येते का, आणि तिचे पैसे वेगळे का? तुम्ही बसवलेल्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी किती जण ते चालू ठेवतात? किती जणांचं काढावं लागलं? डॉक्टर चिडतील अशी मला धास्ती होती, पण ते खुर्ची पुढे ओढून बसले. शेवटच्या दोन प्रश्नांना म्हणाले, "नोंदी काढून सांगतो, अंदाजाने नाही सांगत." मामांची साखर वाढलेली होती. ती खाली आल्याशिवाय तार नाही, जंतुसंसर्गाची भीती आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. साखर आटोक्यात आली की आठवडाभर तात्पुरती तार लावायची, बॅटरी बाहेर कमरेला. फरक पडला तर पुढचं बोलायचं.

आणि एक काम दिलं. तार लावायच्या आधी महिनाभर रोज लिहायचं, न थांबता किती चालता येतं. 'बरं वाटतं' असं लिहायचं नाही, कुठून कुठपर्यंत गेलात ते लिहायचं.

परतताना जेजुरीत चहाला थांबलो. मोरगावात उतरल्यावर मामांनी त्याच बिलावर पहिली नोंद केली : देवळापासून एसटी स्टँड, दोनदा बसलो.